कोडक

८ एप्रिल २०१३, सोमवार

कॉम्प्युटर क्लासचे सर म्हणायचे, मशीन बिघडलं की आपलं डोकं बिघडू द्यायचं नाही. काय केलं, कधी केलं, ते तारखेसकट लिहून काढायचं. म्हणून विमा एजंटाने जानेवारीत दिलेली ही कोरी डायरी आज उघडली. डोकं मात्र सकाळीच बिघडलेलं आहे.

बिघाड असा. कॉम्प्युटर नीट सुरू होतो, गाणी वाजतात. पण 'लग्न' नावाचं फोल्डर उघडलं की वरची हिरवी पट्टी अर्ध्यापर्यंत सरकते, खिडकी पांढरीफटक पडते आणि एक्सप्लोरर बंद पडल्याचा इंग्रजी निरोप येतो. मग सगळं गायब. दोन मिनिटांनी पडद्यावर सगळी चिन्हं परत येऊन बसतात, जसं काही झालंच नाही. पुन्हा उघडलं की पुन्हा तेच. आज एकोणीस वेळा केलं. शुक्रवारपर्यंत ठीक होतं. शनिवारी माझी ड्युटी होती, काल मी झोपलो. आज हे असं.

त्या फोल्डरमध्ये नानासाहेबांच्या मुलीचं लग्न आहे. नानासाहेब कंपनीत आमच्या लाईनचे सुपरवायझर. शूटिंग मी केलं, मिक्सिंगही मीच करणार, आखितीला पाहुणे जमतील तेव्हा त्यांना सीडी दाखवायची आहे. कॅमेरा भाड्याचा होता, तो रिकामा करून परत दिला. म्हणजे हळद, अक्षता, पाठवणी, सगळं आता फक्त या एका डब्यात आहे. माझी ही पहिलीच ऑर्डर. 'आदिनाथ व्हिडिओ मिक्सिंग' असा बोर्ड रंगवून घेतलाय, तो खाटेखाली आहे. ऑर्डर पुरी झाल्याशिवाय टांगायचा नाही असं मीच ठरवलं होतं. मोठा शहाणा मी.

वडील, म्हणजे आबा, उंबऱ्यावर बसून बघत होते. "कामून मरतंय त्ये?" म्हणाले. मला कळलं असतं तर मी एकोणीस वेळा कशाला मारलं असतं!

१० एप्रिल

अँटिव्हायरस काढला, परत टाकला. हार्ड डिस्क तपासून घेतली, निरोगी आहे म्हणे. मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमधून तेच फोल्डर उघडायला गेलो तर तेही आडवं. म्हणजे नुसतं बघायला गेलं तरी मरतं. हात लावायचीही गरज नाही.

आबांबद्दल लिहून ठेवतो, नाहीतर मनातच राहील. डिसेंबरात त्यांनी सगळी मेंढरं विकली. बिडकीनच्या पुढे आमचं गाव. विहिरी आटल्या, टँकरचं पाणी माणसांनाच पुरेना, आणि चरायच्या माळावर प्लॉटिंगचे पांढरे दगड उभे राहिले. आई तर चार वर्षांपूर्वीच गेली. मग मी त्यांना इथं बजाजनगरला आणलं. दोन खोल्या, मी, बायको अंबिका आणि आबा. अंबिका पॅकिंगच्या कंपनीत जाते, ती नऊ ते सहा. माझ्या शिफ्टा फिरत्या. मी घरात असलो की झोपलेला असतो, नाहीतर या डब्यासमोर असतो. आबा चौथ्या दिवशी येणारं पाणी भरतात, उरलेला वेळ उंबऱ्यावर बसतात. मी एकच गोष्ट बजावली होती: कॉम्प्युटरला हात लावायचा नाही.

आज मी कपाळाला हात लावून बसलो तर मागून म्हणाले, "कोडक लागला आसंल."

"काय लागला?"

"कोडक. लागतू कवा कवा." आणि पाणी नसलेल्या दिवशी घागर घेऊन बाहेर पडले.

मेंढरांच्या रोगांतला लाळ्या-खुरकूत मला माहीत आहे, फऱ्या माहीत आहे, देवी माहीत आहे. धनगराच्या पोटी जन्मून हा कोडक कधी ऐकला नव्हता. अंबिकाला विचारलं, तिच्या माहेरीही मेंढरं होती. तीही म्हणाली, ऐकला नाही, तुमच्याकडचा असेल.

११ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली. फोल्डर उघडलं. मेलं. श्रीखंड खाल्लं.

१६ एप्रिल, मंगळवार

आज सांडू येऊन गेला. पलीकडच्या गल्लीत त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. माझ्यापेक्षा चार बुकं जास्त शिकलेला, आणि मशीनच्या बाबतीत तर माझा गुरूच. जयंती समितीचा सेक्रेटरी असल्याने गेले आठ दिवस हाती लागत नव्हता. घसा बसलेला, हातावर निळा रंग.

त्याने दोनदा फोल्डर उघडून मारलं. मग विचारलं, "नवीन काही टाकलं का रे मशीनमध्ये, हफ्ताभरात?"

"मी? काही नाही. हात लावायला वेळ कुठे आहे मला?"

सांडूने आबांकडे बघितलं. आबांनी बंद पंख्याकडे बघितलं. लाईट असूनही पंखा बंद होता, मशीनला व्होल्टेज पुरावं म्हणून तो मीच बंद केला होता.

"ठीक आहे," सांडू म्हणाला. "टेन्शन नक्को घेऊ भाई. दोन दिवस मला विचार करू दे. माल कुठं जात नाही, सगळा आतमध्येच आहे." आणि चहा न पिताच उठला. सांडू आणि चहा न पिता! आबा त्याला सोडायला गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि बराच वेळ दोघं उभे राहून बोलत होते. खिडकीतून दिसत होतं. सांडू काहीतरी समजावत होता, आबा खाली मान घालून ऐकत होते. मिरवणुकीचं सांगत असेल. आबांना तसल्या गोष्टी ऐकायला आवडतात.

१८ एप्रिल

नानासाहेबांनी लाईनवर विचारलं, "आदिनाथ, कुठवर आलं?" मी म्हणालो, गाणी बसवतोय. खोटं बोलताना माझे कान लाल होतात असं अंबिका म्हणते. मशीनच्या उजेडात दिसले नसावेत.

घरी आलो तर आबा खुर्चीजवळच उभे. "आदिनाथा, त्यो कोडक काढून बघतूस का? काढून टाकला का बरं वाटतं म्हनं."

सात तास उभा राहून आलो होतो. म्हणालो, "आबा, इथं मेंढरं नाहीत! हे मशीन आहे. तुमचं मेंढरांचं शहाणपण इथं चालत नाही."

"व्हय, तेबी खरंच," एवढंच म्हणाले आणि माझ्यासाठी गार पाण्याचा तांब्या आणून ठेवला. तो तांब्या बघून मला माझी इतकी लाज वाटली की तो तसाच झाकून ठेवला. माफी मागायची होती. मागितली नाही. जेवताना भाजी चांगली झाली एवढंच म्हणालो, आणि भाजी अंबिकाने केली होती.

२१ एप्रिल, रविवार

आबा फर्दापूरला जायचं म्हणतात. तिथं माझी बहीण रत्नमाला असते, लेणी बघायला येणाऱ्या लोकांसाठी तिचं नि भाऊजींचं नाश्त्याचं दुकान आहे. मी विचारलं, किती दिवस? तर म्हणाले, बघू. कपडे आजच पिशवीत भरून ठेवलेत. दोन धोतरं, एक बंडी, घोंगडी.

"इथं काही कमी पडतंय का?"

"नाय रं बाबा. तुमच्या कामात माझी कामून आडकाठी?"

कसली आडकाठी? दिवसभर उंबऱ्यावर बसणाऱ्या माणसाची कसली आडकाठी होते? मला वाटतं, त्यांना शहर मानवत नाही. किंवा त्या दिवशीचं बोलणं लागलं. अंबिका म्हणते, "विचारा ना सरळ." विचारलं असतं. पण बापाला सरळ विचारायची सवय आमच्या घरात कुणालाच नाही. ते न बोलता तांब्या आणून ठेवतात, मी न बोलता त्यांची तंबाखू आणून ठेवतो.

त्यांनी जाऊ नये असं मला फार वाटतं. हे इथं लिहून ठेवतो, कारण त्यांच्यासमोर जीभ उचलत नाही. ते बुधवारच्या गाडीने निघणार.

२३ एप्रिल, मंगळवार

आज खूप लिहायचं आहे. हात दुखेपर्यंत लिहिणार.

पहिल्या शिफ्टवरून चार वाजता आलो. सांडूचा पत्ता नव्हता, त्याने फोनवर "थोडा थांब, आपोआप सुटेल" असं काहीतरी म्हटलं होतं. बिघाड आपोआप सुटल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. क्लासमध्ये शिकवलेला तो काळा पडदा आठवला, ज्यात चित्रं नसतात, नुसती अक्षरं टाईप करून काम होतं. तो उघडला आणि 'लग्न' मधली यादी मागवली. सरसर नावं खाली पळाली. मेलं नाही! पंधरा दिवसांत पहिल्यांदा माझा माल मला दिसला, चेहरे नाहीत तरी नावं. मी एवढ्या जोरात ओरडलो की आबा बाहेरून आत आले.

"घावलं?"

"दिसतंय तरी. पण यातलं नक्की कुठलं मारतंय ते कळत नाही. सगळ्यांची नावं सारखीच, नुसते आकडे."

आबा माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. मला वाटलं परत कोडक काढणार. तर म्हणाले, "मोजली का?"

"काय?"

"किती व्हती नि किती हायत, त्ये मोजलं का आधी?"

माझ्या वहीत लिहिलेलं होतं, कॅमेऱ्यातून चौसष्ट क्लिप उतरवल्या. काळ्या पडद्यावर खाली बेरीज येते. पासष्ट.

"एक जास्त आहे," मी म्हणालो.

आबांनी पडद्यावरच्या यादीकडे बघितलं. मग घसा खाकरून म्हणाले, "मंग येक परकं घुसलंय. परकंच आसंल त्ये."

"पण पासष्टातलं कुठलं?"

त्यांनी पाण्याचा रिकामा ड्रम पालथा केला नि माझ्याशेजारी बसले. आणि त्या क्षणापासून, खरं सांगतो, मशीन मी चालवत होतो पण काम आबा करत होते. "कळपात येक मेंढरू खोकतंय, पर कोन त्ये कळत नाय. तवा काय करायचं? वाघूर मधून लावायची. आर्धी हिकडं, आर्धी तिकडं. ज्या बाजूला खोकलं, त्याच्या परत दोन बाजू." वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. लहानपणी तिच्या खुंट्या मीच ठोकायचो.

मी दोन नवी फोल्डरं केली. एकाला नाव दिलं 'इकडं', दुसऱ्याला 'तिकडं'. काळ्या पडद्यातून निम्म्या क्लिप इकडं हलवल्या, निम्म्या तिकडं. 'इकडं' उघडलं. उघडलं! बत्तीस छोटी छोटी चित्रं, नवरी, मुंडावळ्या, बँडवाले, जेवणाच्या पंगती. 'तिकडं' उघडलं, मेलं.

"तिकडं हाय," आबा म्हणाले. "लाव वाघूर."

परत दोन भाग. परत एक जगलं, एक मेलं. मधेच अंबिका आली, चपला न काढताच आमच्यामागे उभी राहिली. आबा मांडीवर थाप मारून सांगत होते, हिकडं, तिकडं, लाव. किती महिन्यांनी त्यांचा आवाज एवढा मोठा ऐकला. पण कळप जसजसा लहान होत गेला तसा आवाजही बारीक होत गेला. शेवटी दोनच राहिली तेव्हा ते नुसतं बोट दाखवत होते.

आणि मग एकटीच एक क्लिप एका फोल्डरात. ते उघडलं. पांढरंफटक. मेलं.

"सापडली!" मी ओरडलो. "हीच ती." काळ्या पडद्यात ती पुसून टाकायची आज्ञा टाईप केली. फक्त एंटर दाबायचं बाकी होतं.

"काढ," आबा म्हणाले. भिंतीकडे बघत. "काढून टाक बाबा. तुजं काम आडलंय."

अंबिकाने माझं मनगट धरलं. "अहो, आहे काय त्यात, बघून तर घ्या. मामांकडे बघा जरा."

मी बघितलं. आबांनी दोन्ही हातांनी ड्रमची कडा घट्ट धरली होती. लिहिलेली आज्ञा खोडली आणि नुसतं त्या क्लिपचं नाव टाईप करून एंटर मारलं. मी कधी न वापरणारा तो निळ्या गोलाचा प्लेअर उघडला. आणि त्यात आमचा माळ उघडला.

आमचा माळ, बिडकीनच्या वरचा, दगड रोवायच्या आधीचा. आमची मेंढरं. धूळ. आबा काठीवर हनुवटी टेकून उभे. कंपनीत लागलो तेव्हा पहिल्या सुट्टीला नवा चायना मोबाईल घेऊन गेलो होतो, तेव्हाचं शूटिंग. तो मोबाईल पुढे आबांनाच दिला होता. शूटिंग केलंय हे मी विसरूनही गेलो होतो. आणि मागून माझाच आवाज, थांबतच नाही असा: "आबा, इकडं बघा. आबा हसा की जरा. ही लंगडती कामून? हिचं नाव काय? आबा, आमच्या कँटीनमधी ना, भात लई गिचका आसतो. आबा, आमच्या साहेबाला टक्कल हाय..." सात मिनिटं. सात मिनिटं मी बडबडतोय आणि आबा "हां", "व्हय" करताहेत.

"हे इथं कसं आलं?"

"सांडूनं टाकलं," आबा म्हणाले. "म्याच म्हनलं त्याला. त्या मोबाईलचा पडदा फुटला, दिसंना. मंग हितं, तुज्या शूटिंगच्या शेजारीच, लावून दे म्हनलं. त्ये हितं चालंना. तं त्यो म्हनला, कोडक टाकावा लागंल. म्हनलं टाक." मग एकदम माझ्याकडे वळून, "त्याचा काय दोष नाय. तू हात लावू नको म्हनला व्हतास. म्याच लावला. मशीन लावून टिंग वाजलं का निळ्या गोलाला दोनदा टिचकी मारायची, पयलंच येतं. तुमी दोघं कामाला गेले का बघत व्हतो."

कोडक. कोडेक! दाबून भरलेलं शूटिंग उलगडून दाखवणारा छोटा प्रोग्राम. क्लासमध्ये त्याच्यावर परीक्षेत प्रश्न होता, मला पाचपैकी चार मार्क होते. आणि हा माणूस पंधरा दिवस माझ्या कानीकपाळी ओरडत होता, कोडक लागलाय, कोडक काढ, आणि मी त्याला मेंढरांचा रोग समजत होतो.

अंबिका हसत सुटली. मलाही हसू आलं, आणि हसता हसताच विचारलं, "मग मेंढरं बघायची होती तर मला सांगायचं ना आबा. मी लावून दिली असती."

"मेंढरं कशाला बघू? ती डोळं मिटलं तरी दिसत्यात." आबांनी पडद्याकडे बोट केलं, जिथं आता नुसती धूळ होती आणि माझा आवाज. "ह्यात तू बोलतूस."

मला तिथंच रडू कोसळलं. बायकोसमोर, बापासमोर, सव्वीस वर्षांचा घोडा. लपवावं असं वाटलं नाही.

२४ एप्रिल, बुधवार

आज फर्दापूरची गाडी गेली. आबा गेले नाहीत. रत्नमालाला फोन केला तर ती माझ्यावरच उखडली, "मी पुरणाचं भिजत घातलं होतं!" तिला सगळं सांगितलं. मग म्हणाली, "दादा, मलाबी पाठव ते शूटिंग."

कामाचं: आधी मेंढरांची क्लिप नेहमीच्या साध्या प्रकारात बदलून घेतली. मग कोडेक काढला. यादीत त्याची तारीख होती सहा एप्रिल, शनिवार. लग्नाच्या सगळ्या क्लिप परत एका फोल्डरात आणल्या, मेंढरांना वेगळं फोल्डर केलं. दोन्ही उघडली. बिघाडाचं कारण लिहून ठेवतो, सरांच्या सांगण्याप्रमाणे: फोल्डर उघडताना एक्सप्लोरर प्रत्येक क्लिपचं छोटं चित्र काढायला जातो, त्यासाठी कोडेकला विचारतो, हा कोडेक त्या चायना क्लिपवर अडखळून पडायचा आणि पडताना एक्सप्लोररलाही घेऊन पडायचा. क्लिप निर्दोष होती.

सांडू आला. मी त्याला शिव्या द्यायच्या तयारीत होतो. तो म्हणाला, "मामूंनी शपथ घातली होती भाई. म्हणाले, म्याच सांगतो त्याला. मग मी काय करणार? त्यांना म्हटलं, लवकर सांगा." आज तीन कप चहा प्यायला.

१२ मे, रविवार

सीड्या काल दिल्या. नानासाहेब खूश आहेत, फक्त त्यांच्या थोरल्या बहिणीचं म्हणणं आहे की ती फार कमी दिसते. ती सगळ्यात जास्त दिसते, मी मोजलंय. दुपारी सांडूने शिडी धरली आणि बोर्ड टांगला. थोडा वाकडा बसलाय. आबा म्हणाले, राहू दे, सरळ बोर्डाकडं कोन बघत नाय.

टँकर आला नाही. उकाडा भयंकर. लाईट गेली म्हणून मी उंबऱ्यावर आबांशेजारी बसून हे लिहितोय. त्यांनी आत्ताच विचारलं, "रोज काय लिव्हतूस येवढं?"

मी सांगितलं, काम काय झालं, काय बिघडलं, मनात काय आलं, ते.

"कोन वाचतं?"

"कोणी नाही."

त्यांनी तंबाखू मळली, अर्धी माझ्या हातावर ठेवली. मग म्हणाले, "मंग लिव्हतूस कामून? मी हाय की."